तो एक नंबर कोणी दिला?

पाणीवाटपाच्या सभेत पडद्यावर नदीखोऱ्याचा आराखडा होता. नदी निळ्या रेषेनं, धरणं हिरव्या त्रिकोणांनी आणि पाणी मागणारे सगळे लाल ठिपक्यांनी दाखवलेले: शहर, औद्योगिक वसाहत, उजवा कालवा, डावा कालवा. मी चाळीस मिनिटं बोलत होते. आवक किती वर्षांची घेतली, बाष्पीभवन कसं धरलं, पुढच्या तीस वर्षांत मागणी कशी वाढत जाते, हे सगळं. मागच्या रांगेत डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, शेती असलेले एक काका बसले होते. तोवर एकदाही बोलले नव्हते. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, “ताई, या ठिपक्यांपुढे कंसात आकडे आहेत ते कसले? वसाहतीपुढे एक आहे, आमच्यापुढे तीन.”

मी सांगितलं, तो प्राधान्यक्रम आहे. पाणी कमी पडलं की आधी एक नंबरवाल्याची गरज भागते, मग दोनची, उरलं तर तीनची.

“मग त्यांना तो एक नंबर कोणी दिला?”

खरं उत्तर होतं, कुणीच नाही. आम्ही ‘वीप’ नावाचं सॉफ्टवेअर वापरत होतो. त्यात मागणीचा नवा ठिपका टाकला की त्याला आपोआप 1 हा क्रमांक मिळतो. शहराचा एक मी विचार करून ठेवला होता. कालव्यांचा तीन जुन्या कागदपत्रांवरून भरला होता. वसाहत सगळ्यात शेवटी जोडली आणि तिचा तो रकाना उघडून बघायचाच राहिला. सॉफ्टवेअरनं कोऱ्या रकान्यात जो आकडा घातला, तो खोऱ्याचं पाणीवाटपाचं धोरण होऊन बसला होता. आणि मी तो चाळीस मिनिटं आत्मविश्वासानं समजावून सांगत होते.

मी तिथल्या तिथे हे सांगितलं. खोलीत जरा शांतता पसरली. मग काका म्हणाले, “बदलून दाखवा.”

या गोष्टीला बारा वर्षं झाली. पाणी नियोजनासाठी निर्णयाला मदत करणारी साधनं बनवणं हेच माझं काम आहे, आणि अजूनही नवीन मॉडेल, म्हणजे खोऱ्यातल्या पाण्याची संगणकावरची नक्कल, उघडलं की मी आधी तो रकाना बघते.

आकड्यांत सांगते, म्हणजे त्याचं वजन कळेल. समजा एखाद्या महिन्यात 100 दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, पाणी वाटायला आहे. शहराची मागणी 20, वसाहतीची 30, कालव्यांची 120. शहर आणि वसाहत दोघंही एक नंबरला असतील तर आधी 50 त्यांचे जातात आणि कालव्यांना उरलेले 50 मिळतात. आता वसाहतीला कालव्यांच्याच रांगेत, तीनवर आणा. शहराचे 20 गेले, उरले 80, आणि ते 150च्या मागणीत वाटायचे. समान क्रमांकाच्या सगळ्यांना हे सॉफ्टवेअर मागणीच्या सारख्याच टक्क्यानं पाणी देतं. म्हणजे वसाहतीला 16 आणि कालव्यांना 64. एका रकान्यातल्या एका अंकामुळे चौदा दलघमीचा फरक पडला. पाऊस तोच, धरण तेच.

वीपमध्ये हे क्रमांक 1 ते 99 असतात. जलाशय भरून ठेवणं हीसुद्धा एक मागणीच धरलेली असते आणि तिला आपोआप 99 मिळतो, म्हणजे सगळ्यांचं भागल्यावर उरलं तर साठवा. यातच पुढच्या वर्षीसाठी राखून ठेवायचं की या वर्षी वापरून टाकायचं याचा निर्णय दडलेला आहे. धरणाच्या दारांशी आयुष्य काढलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, सगळ्यात मोठं भांडण याच मुद्द्यावर होतं. इथे तेही एका न उघडलेल्या रकान्यात मिटलेलं असतं.

एकात्मिक जलसंपत्ती व्यवस्थापन हा शब्द जड आहे, कल्पना साधी आहे. नदी, भूजल, शेती, शहर, कारखाने, मासे, पूर आणि दुष्काळ यांचा विचार वेगवेगळ्या कचेऱ्यांत वेगवेगळा करायचा नाही, कारण पाणी एकच आहे. जानेवारी 1992 मध्ये डब्लिनच्या परिषदेत चार तत्त्वं मांडली गेली. त्याच वर्षी रिओच्या परिषदेतल्या ‘अजेंडा 21’मध्ये गोड्या पाण्याचं अख्खं प्रकरण होतं. तेव्हापासून अनेक देशांच्या जलनीतीत ‘एकात्मिक’ हा शब्द आला. कागदावर तो लिहिणं सोपं आहे. वरच्या अंगाला केलेल्या एका बदलाचा खालच्या अंगाला दहा ठिकाणी काय परिणाम होतो, हे डोक्यात धरून ठेवणं कुणालाच जमत नाही. साधनं लागतात ती त्यासाठी.

कालव्याच्या अस्तरीकरणाचं उदाहरण मी प्रत्येक प्रशिक्षणात देते. मातीच्या कालव्यातून पाणी झिरपतं. समजा शंभरातले पंचवीस भाग जमिनीत जातात. काँक्रीट केलं की ते पंचवीस वाचले, त्यात नवीन क्षेत्र भिजवू, असा हिशोब मांडला जातो. फक्त भूपृष्ठावरचं पाणी मोजणारं मॉडेल याला दुजोराच देतं, कारण त्याच्या लेखी झिरपलेलं पाणी हिशोबातून गेलेलं असतं. खरं तर ते खालच्या विहिरींत उतरलेलं असतं. कालव्याचं पाणी कधीच न पोहोचलेल्या गावांची शेती त्याच ‘गळती’वर उभी असते. नदी-कालव्यांच्या मॉडेलला भूजलाचं मॉडेल जोडलं की ही माणसं पडद्यावर दिसायला लागतात. भूजलासाठी आम्ही बहुतेक वेळा ‘मॉडफ्लो’ वापरतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं 1984 मध्ये ते पहिल्यांदा बाहेर आणलं आणि आजही ते सगळ्यांना मोफत मिळतं. जोडलेल्या मॉडेलमध्ये अस्तरीकरण केलं की कालव्याच्या शेवटी पाणी वाढतं आणि दोन-तीन वर्षांत खालच्या विहिरींची पातळी उतरू लागते. पाणी वाचलेलं नसतं, एकाकडून दुसऱ्याकडे गेलेलं असतं.

हे प्रत्यक्षात घडलेलंही आहे. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेलगत जाणाऱ्या ऑल-अमेरिकन कालव्याचा सुमारे 37 किलोमीटरचा भाग मातीचा होता. त्यातलं झिरपलेलं पाणी सीमेपलीकडच्या मेहिकाली खोऱ्यातल्या विहिरींना पोहोचत असे. शेजारून काँक्रीटचा नवा कालवा बांधला, 2009 च्या सुमारास तो वापरात आला, आणि वर्षाला सुमारे 83 दलघमी पाण्याची ‘बचत’ झाली. बचतीचा मोठा वाटा सॅन दिएगोच्या बाजूला गेला. मेहिकालीच्या शेतकऱ्यांच्या विहिरी त्या बचतीच्या हिशोबाबाहेर होत्या. बाहेर ठेवायच्या हे कुणीतरी ठरवलेलं होतं. मॉडेलची हद्द कुठे आखायची हासुद्धा निर्णयच असतो. तो सहसा कामाच्या पहिल्या आठवड्यात, चर्चेशिवाय, माझ्यासारखं कुणीतरी घेऊन टाकतं.

त्या सभेत पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. क्रमांक बदलून मी मॉडेल परत चालवलं. मग उजव्या कालव्यावरच्या एका बागायतदार ताईंनी विचारलं, “सरासरी राहू द्या. माझी झाडं जगतात का ते सांगा.”

माझ्याकडे दोन पर्याय तयार होते. तीस वर्षांच्या आवकीवर दोन्ही चालवलेले. पहिल्यात तीन वर्षं तूट येत होती, दर वेळी मागणीच्या साठ टक्के. दुसऱ्यात धरणातून सोडण्यावर आधीपासून हात राखला होता, त्यामुळे तूट नऊ वर्षं येत होती, पण दर वेळी वीसच टक्के. एकूण तूट दोन्हींत सारखीच: तीन गुणिले साठ आणि नऊ गुणिले वीस, दोन्ही 180. किती वर्षं पूर्ण पाणी मिळालं एवढंच मोजलं तर पहिला पर्याय सरस, तीसपैकी सत्तावीस वर्षं. माझ्या अहवालात तोच पहिल्या क्रमांकावर होता.

ताई म्हणाल्या, “साठ टक्के तुटीचं एक वर्ष आलं की माझी बाग गेली. उरलेली सत्तावीस वर्षं मी काय करू?” त्यांना दुसरा हवा होता. हंगामी पिकं घेणाऱ्यांचं म्हणणं अगदी उलटं निघालं. वाईट वर्ष येणार हे पेरणीआधी कळलं तर आम्ही तो हंगाम सोडून देऊ, पण दर तिसऱ्या वर्षी वीस टक्के कमी म्हणजे पीक हाताशी आल्यावर शेवटची पाळी चुकणार, ते नको. शहराच्या अभियंत्याला साठ टक्क्यांचा आकडा ऐकूनच घाम फुटला. पाणी किती वेळा कमी पडतं, कमी पडल्यावर किती लवकर सावरतं आणि कमी पडतं तेव्हा किती खोल जातं, हे तीन निकष वेगवेगळे मोजायला हवेत, हे हाशिमोतो, स्टेडिंजर आणि लाउक्स यांनी 1982 मध्येच मांडलं होतं. मी ते शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. त्याचा अर्थ मला कळला तो झाडांच्या प्रश्नातून.

ती दुपार मला या कामातली सगळ्यात चांगली दुपार वाटते. निर्णय झाला नाही, पण भांडण पहिल्यांदा खऱ्या मुद्द्यावर आलं. तोवर ‘आम्हाला पाणी कमी मिळतं’ आणि ‘तुम्ही जास्त घेता’ यापलीकडे काही नव्हतं. आता वीस टक्के नऊ वेळा की साठ टक्के तीन वेळा, असा प्रश्न होता. त्यावर दोन शेजारी वेगवेगळं बोलत होते आणि दोघांचंही बरोबर होतं.

मॉडेल कितपत विश्वासार्ह आहे हे सांगायला आमच्यात एक आकडा चालतो, नॅश-सटक्लिफ गुणांक. नॅश आणि सटक्लिफ यांनी तो 1970 मध्ये मांडला. 1 आला तर मॉडेल आणि मोजलेला प्रवाह तंतोतंत जुळले, 0 आला तर नुसती सरासरी धरली असती तरी तेवढंच साधलं असतं. अहवालात 0.85 दिसला की सगळे माना डोलावतात. पण या गुणांकात चुकांचा वर्ग घेतला जातो, त्यामुळे पुराच्या काही दिवसांचं वजन प्रचंड होतं. पूर नीट जुळला की गुण मिळाले. उन्हाळ्यातला प्रवाह दुप्पट चुकला तरी गुणांक फारसा हलत नाही. आणि वाद तर उन्हाळ्यातल्या पाण्याचा असतो! म्हणून कमी प्रवाहाच्या महिन्यांचा वेगळा ताळा मागा. प्रवाहाचं लॉगरिदम घेऊन तोच गुणांक काढायला सांगा, म्हणजे कमी प्रवाहातल्या चुकांनाही वजन येतं. एवढं विचारलं तरी मॉडेल बनवणारा सावरून बसतो.

दुसरा ताळा म्हणजे पाण्याचा जमाखर्च. एकदा माझ्या मॉडेलमध्ये एक उथळ जलाशय तीस वर्षांत कधी तळाला गेलाच नाही. निकाल इतका चांगला होता की सगळे खूश होते. मला रात्री झोप लागेना. सॉफ्टवेअर बाष्पीभवन महिन्याला किती मिलिमीटर ते मागत होतं आणि मी दिवसाचं भरलं होतं, 240 च्या जागी 8. पन्नास चौरस किलोमीटरच्या पाणपसाऱ्यावरून त्या महिन्यात 12 दलघमी उडून जायला हवं होतं आणि मॉडेलमध्ये उडत होतं 0.4. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळवलं, आकडे मागे घेतले. तेव्हापासून आलेलं, गेलेलं, उडालेलं आणि उरलेलं पाणी यांचा मेळ मी हातानं मांडून बघते, निकाल मनासारखा आला असेल तर दोनदा.

मागच्या नोंदींवर किती विसंबायचं, हा प्रश्न मात्र हातानं मांडून सुटत नाही. कोलोरॅडो नदीचा 1922 चा करार घ्या. वरच्या आणि खालच्या खोऱ्याला वर्षाला प्रत्येकी 7.5 दशलक्ष एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभं राहील एवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट), 1944 च्या तहानं मेक्सिकोला 1.5, असं 16.5 दशलक्ष एकर-फूट पाणी वाटून झालं. ज्या वर्षांच्या नोंदी समोर होत्या, ती नेमकी फार ओली वर्षं होती, हे नंतर झाडांच्या वाढीच्या वर्तुळांवरून कळलं. 2000 नंतर तर नदीचा नैसर्गिक प्रवाह सरासरी 13 दशलक्षांच्याही खाली राहिला आहे. आज त्या नदीवर ‘रिव्हरवेअर’ या सॉफ्टवेअरमध्ये बांधलेलं, मोठ्या धरणांचे नियम जाणणारं मॉडेल आहे. ते एका भविष्याऐवजी शेकडो संभाव्य भविष्यांवर चालवतात, आणि कुठला नियम कुठल्या परिस्थितीत मोडतो ते बघतात. मला ही पद्धत पटते. ‘किती पाणी येईल’ याचं उत्तर कुणाकडे नाही. ‘कितीपेक्षा कमी आलं तर आपली व्यवस्था कोसळते’ याचं उत्तर काढता येतं.

साधन कुणी बनवलं यापेक्षा ते बनत असताना खोलीत कोण होतं, याकडे मी आता जास्त बघते. 1988 च्या दुष्काळानंतर अमेरिकेत जो राष्ट्रीय दुष्काळ अभ्यास झाला, त्यातून ज्यांचा वाद आहे त्यांनीच एकत्र बसून मॉडेल बांधायची पद्धत पुढे आली. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधल्या ऑन्टारिओ सरोवर आणि सेंट लॉरेन्स नदीच्या नियमनासाठी 2000 नंतर ती वापरली गेली. जहाजवाले, वीजनिर्मितीवाले, काठावर घरं असलेले, नौकाविहारवाले, पाणथळींचे अभ्यासक असे सगळे एका मॉडेलभोवती. त्यातून निघालेल्या पर्यायांवर पुढे कित्येक वर्षं वाद चालला आणि ‘प्लॅन 2014’ अखेर जानेवारी 2017 मध्ये लागू झाला. त्याच वसंतात विक्रमी पाणी चढलं, काठावरची घरं बुडाली आणि लोकांनी नव्या नियमाला दोष दिला. नंतरच्या आढाव्यात मुख्य कारण निघालं ते विलक्षण पाऊस आणि ओटावा नदीचा पूर. तरी ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला आलेख दाखवून काय सांगणार? एकत्र बसून मॉडेल बांधलं की राग संपतो, असं मला वाटत नाही. निदान रागावलेला माणूस विचारू शकतो की नियम कसा ठरला, आणि त्याला दाखवायला काहीतरी असतं.

मेकाँग नदीचं उदाहरण आणखी अवघड. 1995 च्या करारात कंबोडिया, लाओस, थायलंड आणि व्हिएतनाम आहेत. पावसाळ्यात कंबोडियातली टोनले सॅप नदी उलटी वाहून तिथलं विशाल सरोवर भरते, तो उलटा प्रवाह टिकला पाहिजे हे करारातच लिहिलेलं आहे. त्यासाठी चार देशांनी मिळून वापरायची प्रणाली 2000 नंतरच्या काही वर्षांत उभी राहिली. पाऊस-प्रवाहासाठी एक मॉडेल, धरणं आणि सिंचनासाठी दुसरं, त्रिभुज प्रदेशातल्या पूर आणि खारेपणासाठी तिसरं. पण सगळ्यात वरची धरणं चीनमध्ये, आणि चीन त्या करारात सदस्य नाही. नदीला सहा देश आहेत, कराराला चार.

बरीच साधनं सल्लागार निघून गेले की बंद पडतात. परवान्याची मुदत संपते, शिकलेला माणूस बदलून जातो, पुढच्याला फाइल सापडत नाही. याचा मला संताप येतो, कारण त्यात लोकांच्या कित्येक दुपारी गेलेल्या असतात. म्हणून मी आता प्रत्येक मॉडेलबरोबर एक गृहीतकांची वही ठेवते. कुठला आकडा, कुठून आला, कुणी मान्य केला, कधी. मॉडेल उघडता येत नसेल तरी वही वाचता येते.

सध्याच्या खोऱ्यात त्या वहीचं पहिलं पान प्राधान्यक्रमाचं आहे आणि ते मॉडेल बांधण्याआधी, सभेत भरलं. पिण्याच्या पाण्याला एक, यावर दहा मिनिटांत एकमत झालं. नदीपात्रात किती पाणी वाहतं ठेवायचं आणि त्याला कितवा नंबर, यावर अडीच तास गेले आणि ठरलं नाही. रकाना कोरा ठेवून प्रश्नचिन्ह काढलं. सॉफ्टवेअरला कोरा रकाना चालत नाही, म्हणून मी दोन्ही बाजूंचे आकडे घालून दोन रन घेतले. एकात नदी कोरड्या वर्षी चार महिने आटते. दुसऱ्यात ती वाहती राहते आणि डाव्या कालव्याची एक पाळी जाते. दोन्ही आलेख शेजारी लावले तेव्हा मासेमारी करणाऱ्यांमधला एक तरुण उठून म्हणाला, “चार महिने नको. मासे अंडी घालतात ते पाच आठवडे तेवढे द्या, मग किती जातं ते काढा.”

माझं मॉडेल महिन्याच्या पायरीवर चालतं, त्यात पाच आठवडे दिसतच नाहीत. गेले पंधरा दिवस मी ते आठवड्याच्या पायरीवर आणते आहे. आवक रोजची नोंदलेली आहे, तिचं काही अडत नाही. कालव्याचे विसर्ग मात्र दहा-दहा दिवसांचे लिहिलेले आहेत, ते आठवड्यांत कसे फोडायचे हे ठरवायला गेटवरच्या कर्मचाऱ्यांशी बोलावं लागेल. उद्या त्यांच्याकडे जायचं आहे, वही घेऊन.